म्हातारीचा खुबा, अण्णांचा तळहात

आमच्या घरात कुठलीही गोळी तोंडात टाकण्याआधी तीन प्रश्न विचारावे लागत. हिचं नाव काय? ही नेमकं काय करते? आणि नाही घेतली तर काय होईल? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा "काही नाही, चार दिवसांत आपोआप बरं वाटेल" असं यायचं आणि गोळी पाकिटातच राहायची. हे प्रश्न अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी जन्मायच्या आधी एका पत्रकात छापले होते. बंगळुरूच्या कडेला येलहंक्याच्या जुन्या गावात त्यांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि बिलबुकं पोटासाठी, पत्रकं स्वतःसाठी. उगाच इंजेक्शन मागू नका. सलाइनच्या बाटलीत ताकद नसते, मीठ-पाणी असतं. बाळाच्या जुलाबावर पहिला उपाय घरातच आहे. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी. शाळेच्या सुट्टीत त्यांच्या घड्या घालायचं काम माझं, आणि घड्या घालता घालताच मी दोन्ही भाषा वाचायला शिकले.

पत्रकांचा एक नियम होता, तो कुठे छापलेला नव्हता. जे आपण स्वतःवर करून पाहिलं नाही ते दुसऱ्याला सांगायचं नाही. मीठ-साखर-पाण्याचं पत्रक छापण्याआधी अण्णांनी ते पाणी दिवसभर स्वतः प्यायलं होतं. खरूज न होताही कडुनिंबाच्या पाल्यानं आंघोळ केली होती. मला हा नियम जगातला सगळ्यात स्वच्छ नियम वाटायचा. अजूनही पुष्कळसा वाटतो, म्हणूनच हे लिहिते आहे.

छापखाना बंद होऊन आता काही वर्षं झाली. आई त्याआधीच गेली होती. घरात उरलो अण्णा, मी आणि म्हातारी. म्हातारी म्हणजे आमची कुत्री. गल्लीतलंच पिल्लू, छापखान्यात कागद कापायच्या मशीनखाली येऊन झोपलं आणि तेव्हापासून तेरा वर्षं आमच्याकडेच राहिलं. तरुणपणी तिला दुसरी हाक होती, पण गेली चार वर्षं ती नुसती म्हातारी. ती अण्णांची कुत्री होती. माझ्या हातचं खायची, मला ओळखायची, पण उठायची ती अण्णा उठले की.

मागच्या थंडीत तिनं व्हरांड्याच्या दोन पायऱ्या चढणं सोडलं. पायरीपाशी यायची, वर पाहायची आणि आपण सहज इकडे आलो होतो असं दाखवत परत फिरायची. उजव्या खुब्यावरची जागा चाटून चाटून तिथले केस विरळ झाले. उठताना पुढचे पाय आधी उभे राहायचे, मागचे बराच वेळ विचार करायचे. पाठीवरून फणी फिरवली तर पूर्वी डोळे मिटायची, आता तिथून उठून जायची. ती कधी ओरडली नाही, कण्हली नाही. त्यामुळे दोन महिने आम्ही, सुशिक्षित आणि पत्रकं वाचलेली माणसं, "वय झालंय" एवढं म्हणून गप्प बसलो. वय झालं म्हणजे दुखणारच आणि दुखणार म्हणजे सोसायचंच, हा विचार माणसांच्या बाबतीत कोणी बोलून दाखवला असता तर मी त्याच्याशी भांडले असते.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी म्हातारीला जमिनीवरच बसवून तपासलं, एक्स-रे काढले, रक्त घेतलं. दोन्ही खुब्यांचे सांधे झिजले होते. शिवाय मूत्रपिंडं नाजूक झाली होती, आणि खरी अडचण तीच होती. सांध्यांसाठी जी नेहमीची गोळी देतात ती मूत्रपिंडांवर भार टाकते, म्हणून ती देता येणार नव्हती.

"एक दुसरी गोळी देते, कमी मात्रेत. तिनं स्वल्प फरक पडेल," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुम्हाला घरी करावं लागेल. जमीन घसरती नको. झोपायला मऊ आणि जाड. वजन कमी. थोडं थोडं चालणं, रोज. आणि कोमट शेक."

अण्णांचा चेहरा उजळला. आयुष्यभर डॉक्टरांशी वाद घातलेल्या माणसाला एक डॉक्टर "घरी करा" म्हणत होती.

"आणि हळद?" त्यांनी विचारलं.

"चिमूटभरानं काही बिघडणार नाही. पण तिच्यावर भरवसा ठेवू नका. रोज चमचाभर तर नकोच, मूत्रपिंडं आहेत." मग त्या माझ्याकडे वळल्या. "महिनाभर करून बघा. स्वतःहून उठून लघवीला जायला लागली तर छान. तेही जमेना झालं, सतत दुखतच राहिलं, तर आपण बसून बोलू. तिच्यासाठी काय बरं, ते ठरवू."

ठरवू म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळलं. परतीच्या रिक्षात अण्णा रस्ताभर म्हातारीच्या कानामागे बोटं फिरवत राहिले. आमच्या हातात एक महिना होता.

त्या संध्याकाळी मी गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं की म्हाताऱ्या कुत्र्याचा घरी कोणी सांभाळ केला आहे का. विचारायला नको होतं. तासाभरात सतरा उपाय आले. एकानं डोकेदुखीची आपली गोळी अर्धी करून द्यायला सांगितलं. शेजारच्या काकूंनी तिळाच्या तेलात कढवलेला लसूण रोज भातात कालवायला सांगितला, "शंभर टक्के नैसर्गिक" असं लिहून. मी ग्रुपवरच उत्तर दिलं की माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत, पोट, मूत्रपिंड काहीही जाऊ शकतं, आणि लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सकाळी काकूंनी फाटकापाशी गाठलं.

"चार माणसांत माझा लसूण काढलास."

"काकू, लसूण वाईट नाही. कुत्र्याला वाईट."

"आमच्या घरात तीन पिढ्या खातात. कुणाचं रक्त फुटलं नाही."

"तुम्ही कुत्रं नाही ना."

"हे बघ, तुझा बाप असाच बोलायचा," काकू म्हणाल्या, "म्हणून त्याच्या दुकानात पत्रिका छापायला लोक दोनदा विचार करायचे."

नैसर्गिक या शब्दाचा मला राग आहे. धोतराही नैसर्गिक आहे. पण गोळी वाईट आणि पाला चांगला असं मानणारे आणि पाला म्हणजे अडाणीपणा मानणारे, या दोघांनाही प्रश्न विचारायचा कंटाळाच असतो. मी ठरवलं की म्हातारीवर महिनाभर जे करू ते वहीत लिहायचं आणि शेवटी त्याचं पत्रक काढायचं. कुत्र्यांच्या दुखण्यावर घरी काय करावं, काय करू नये. महादेवपुऱ्यातल्या ज्या कंपनीत मी नोकरी करते तिथं मी यंत्रांच्या सूचना-पुस्तिका लिहिते. कुत्र्याची पुस्तिका त्याहून अवघड काय असणार, असं वाटलं.

पहिला आठवडा छान गेला. आमची फरशी गुळगुळीत, म्हातारीचे पाय त्यावर चार दिशांना जायचे. अण्णांनी छापखान्यातल्या ऑफसेट मशीनचे जुने रबरी पत्रे माळ्यावरून काढले. छपाईचा रोलर ज्या जाड रबरानं गुंडाळतात ते. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर उतरती फळी टाकून ते तिच्या अंथरुणापासून फाटकापर्यंत एकापुढे एक अंथरले. अजून त्यांच्यावर कुणाकुणाच्या लग्नाच्या उलट्या अक्षरांचे डाग होते. म्हातारी त्यांच्यावरून घसरेना. नखं कापली. पायांच्या बोटांमधले केस कापले. जेवणाचं भांडं उंच ठेवलं, म्हणजे खाताना मागच्या पायांवर भार कमी. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं चालणं. बेकरीतला बन बंद झाला. तो अण्णा तिला रोज गुपचूप देत होते हे तेव्हा कळलं. संध्याकाळची गोळी रागीच्या मुद्द्यात, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यात, दडवून द्यायची; म्हातारी तो न चावता गिळायची.

वरच्या खोलीत आमचे भाडेकरू राहतात, निपाणीकडचे, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर जातात. चाळिशीतला दणकट माणूस. पहिल्या दिवसांत म्हातारीला पोटाखाली टॉवेल घालून उभं करायला तेच मदत करायचे.

"अण्णा, हिचं एवढं करायलाय," ते म्हणायचे, "माझी पाठ दुखती म्हणून सांगितलं तर एक पत्रक दिलं मला."

"वाचलंत का?"

"वाचलं की. पाठ दुखतीच अजून."

शेकाचं काम अण्णांकडे होतं. निरगुडीचा पाला, ज्याला इथं लक्की म्हणतात, पाण्यात उकळायचा, पाणी कोमट झालं की टॉवेल पिळून खुब्यावर ठेवायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की पाल्यानं काही होवो न होवो, कोमटपणानं नक्की होतं. म्हातारीला ते आवडायचं. टॉवेल ठेवला की मान खाली टाकायची, लांब श्वास सोडायची. पण टॉवेल दोन मिनिटांत गार होतो. अण्णा स्वतःच्या गुडघ्यांना कित्येक वर्षं वाळूचा शेक घेत होते. तव्यावर वाळू तापवायची, जाड कापडात बांधून पुरचुंडी करायची. वाळू ऊब धरून ठेवते. दहाव्या दिवशी त्यांनी म्हातारीलाही तीच सुरू केली, नियमाप्रमाणे. आधी पुरचुंडी स्वतःच्या तळहातावर दाबून धरायची, वीस मोजायचे, मग तिच्या खुब्यावर.

त्या सकाळी मी वही घेऊन शेजारी बसले होते. अण्णांनी वीस मोजले. "कोमट आहे," ते म्हणाले आणि पुरचुंडी विरळ केसांच्या जागेवर ठेवली. म्हातारीनं मान वळवून खुब्याकडे पाहिलं. ओठ चाटले. मग अण्णांचा हात चाटला. सरकायला बघत होती, पण अण्णांनी दुसऱ्या हातानं तिला प्रेमानं दाबून धरलं होतं. तिनं जांभई दिली. मी वहीत लिहिलं: ओठ चाटते, जांभई देते, हात चाटते. आराम पडतोय.

पुढच्याच क्षणी तिनं अण्णांच्या मनगटाला दात लावले. तेरा वर्षांत पहिल्यांदा. अण्णांच्या हातातून पुरचुंडी सुटली आणि म्हातारी मागचं अंग ओढत भिंतीशी गेली. ती किंचाळली, तिचा तसला आवाज मी इतक्या वर्षांत ऐकलाच नव्हता. खुब्यावर पंजाएवढी लाल जागा दिसत होती.

मी खाली पडलेली पुरचुंडी उचलली आणि लगेच सोडली. धरवत नव्हती.

आरडाओरडा ऐकून भाडेकरू वरून धावत आले. एकदा पाहिलं आणि बागेचा नळ सोडून पाइप ओढत आणला. अण्णा कोरफड तोडायला निघाले होते.

"अण्णा, ते राहू द्या. आधी पाणी. कारखान्यात आमाला हेच शिकवलंय. भाजलं की पाणी, वीस मिनिटं, बाकी काही लावायचं नाही. अक्का, तिचं तोंड धरा."

मी तिचं तोंड धरलं. तिनं मला काही केलं नाही. नुसती थरथरत होती. वीस मिनिटं पाणी सोडलं. अण्णा रक्त आलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून उभे होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "कोमट होतं. मी पाहिलं होतं. कोमट होतं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भाजलेली जागा साफ केली, मलम लावलं, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घातला. मग हात धुता धुता विचारलं, "शेक किती गरम आहे ते कोण बघतं?"

"मी," अण्णा म्हणाले. "आधी स्वतःच्या तळहातावर. आमचा नियमच आहे तो."

बाई आत गेल्या. शेकायची जेलची पिशवी त्यांच्याकडे होती, ती त्यांनी गरम करून आणली आणि अण्णांच्या हातात दिली. "कशी आहे?"

अण्णांनी ती दाबून पाहिली. "कोमट."

"आता तुम्ही धरा," त्या मला म्हणाल्या. मी तीन सेकंद धरली असेन.

पिशवी मी परत दिली. मग बाईंनी विचारलं, "अण्णा, चालताना पायातली चप्पल निघून गेलेली कधी कळत नाही, असं होतं का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या महिन्यातच दोनदा झालं होतं. आम्ही स्वस्त चपलांवर हसलो होतो. उकळती कॉफी ते स्टीलच्या पेल्यातून फडक्याशिवाय प्यायचे, त्याचंही आम्हाला कौतुक. छापखान्याचे हात, असं मी मैत्रिणींना अभिमानानं सांगायचे. शाई, रॉकेल, सुरी सगळं सोसलेले.

"शेवटची शुगर कधी तपासली?"

"तपासलीच नाही," अण्णा म्हणाले. "कधी गरज वाटली नाही."

मी वही उघडून त्यांना सकाळची नोंद दाखवली, कारण आता ते लपवून काय उपयोग होता. त्यांनी वाचली. "ओठ चाटणं, उगाच जांभई, मान वळवून बघणं, हे आराम नाही," त्या म्हणाल्या. "हे सांगणं आहे. बस करा, असं. ती बराच वेळ सांगत होती." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं.

तिथून अण्णांना सरकारी दवाखान्यात नेलं, चावल्याची सुई घ्यायला आणि रक्त तपासायला. शुगरचा आकडा वाचून नर्सबाईंनी यंत्र हलवून पुन्हा एकदा पाहिलं. तिथल्या डॉक्टर दमलेल्या होत्या, मागे मोठी रांग होती. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि अण्णांनी, अशा वेळीही, विचारलंच. हिचं नाव काय? ही काय करते? डॉक्टरांनी उत्तरं दिली.

"आणि नाही घेतली तर काय होईल?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. "हात तर बधिर झालेच आहेत. मग पायाला जखम होईल, ती कळणार नाही. मग पाय जाईल. नाही तर आधी डोळे. क्रम मला सांगता येणार नाही."

अण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला. बाहेर येऊन बाकावर बसले. मला तेव्हा खूप राग आला होता आणि मी तो आवरला नाही.

"लोकांना तीस वर्षं सांगितलंत, स्वतःच्या शरीराची माहिती ठेवा म्हणून. स्वतःचं काय?"

"मला काही होतच नव्हतं."

"काही वाटत नव्हतं. वाटत नव्हतं तोच तर आजार होता."

ते मनगटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिला धरून ठेवलं मी. ती सरकत होती, मी धरून ठेवलं." ती सरकत होती तेव्हा मी लिहीत होते.

महिन्याचे वीस दिवस उरले होते. भाजलेलं भरेपर्यंत शेक बंद. गोळी सुरू, मऊ अंथरूण, बाकी काही नाही. दहा दिवसांत जागा भरत आली, पण म्हातारी उठेना. पूर्वी दोन-तीन प्रयत्नांत उठायची, आता प्रयत्नच करत नव्हती. अंथरुणातच लघवी व्हायची आणि मग ती तोंड भिंतीकडे करायची. मी फडका घेऊन नुसती तिथून गेले तरी अंग आखडून घ्यायची. तीन वेळा टॉवेल घालून उभं करायचो, बाहेर न्यायचो, आणायचो. रोज सकाळी मी ऑफिसच्या बसमध्ये बसले की ते "बसून बोलू" आठवायचं.

अण्णा तिच्याजवळ जात नव्हते. गोळ्या वेळेवर घेत होते, गोड सोडलं होतं, प्रश्न विचारत नव्हते. व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. मी म्हटलं, तिच्याशी बोला तरी. ते म्हणाले, "माझ्या हातानं भाजलंय तिला. मला बघून घाबरायला नको."

हे चूक आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं भाडेकरूंच्या. एका संध्याकाळी म्हातारीला उचलून आत ठेवताना ते थांबले.

"अक्का, एक सांगू? ही कुणाकडं बघत पडती ते बघितलं का?"

मी पाहिलं. ती अण्णांच्या खुर्चीकडे बघत होती.

"आता अण्णाच उठंना झाल्यात. ही कुणाच्या मागनं उठंल? माझ्या? मी तर हिला पोत्यागत उचलतोय."

"ते घाबरतात तिला हात लावायला."

"हात कशाला लावायचाय? पाय आहेत की त्यांचे."

मी अण्णांना ते तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "उद्यापासून."

उरलेल्या दिवसांचं काम आम्ही वाटून घेतलं. शेकाचं माझ्याकडे आलं, आणि मी गरम काहीही न घेता सुरू केलं. पहिल्या दिवशी कोरडा टॉवेल तिच्यापासून हातभर लांब जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर उकडलेल्या भोपळ्याचा तुकडा. दुसऱ्या दिवशी जवळ. चौथ्या दिवशी टॉवेल तिच्या पाठीवर टाकला आणि लगेच काढला. ओठ चाटले की थांबायचं, मान वळवली की थांबायचं. सहाव्या दिवशी साध्या पाण्यात पिळलेला, सातव्या दिवशी कोमट, तेही भाजलेल्या जागेपासून दूर, मांडीवर. पाणी मी मनगटाच्या आतल्या बाजूला पाहायचे, आणि मग भाडेकरूंना पाहायला लावायचे. ते दर वेळी म्हणायचे, "सरी, ठीक आहे, अंघोळीला चालंल." वाळू फेकून दिली. निरगुडीचा पाला चालू ठेवला, कारण तो वास तिच्या ओळखीचा होता आणि भाजल्याची आठवण त्याला चिकटलेली नव्हती.

अण्णांचं काम चालण्याचं. त्यांनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ते पायांत बंद बूट घालून उठायचे, तिच्या अंथरुणापासून दोन हातांवरून जायचे, तिच्याकडे न बघता, आणि रबरी पत्र्यांवरून फाटकापर्यंत. पूर्वी बाहेर जाताना जे म्हणायचे तेच म्हणायचे: "चला, हवा खाऊ." पहिले तीन दिवस तिनं फक्त मान उचलली. चौथ्या दिवशी पुढचे पाय रोवले. पाचव्या दिवशी अर्धी उठली आणि बसली, आणि अण्णांनी वळून पाहिलं, तशी ती ते परत येतील म्हणून वाट पाहत बसूनच राहिली. म्हणून ठरलं की त्यांनी वळून पाहायचं नाही.

याच दिवसांत मी पत्रक लिहिलं. काकूंचा लसूण आणि माणसांच्या गोळ्या वर ठळक अक्षरांत, देऊ नका म्हणून. जमीन, अंथरूण, वजन, चालणं, नखं. दुखत असलेलं कुत्रं ओरडत नाही, हे स्वतंत्र परिच्छेदात. शेकाच्या परिच्छेदाखाली अण्णांनी स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: ज्याला मधुमेह आहे किंवा ज्यानं कधी तपासलेला नाही, त्यानं शेक हातावर पाहू नये; माझ्याकडून कुत्री भाजली आहे. मी म्हटलं, "माझ्याकडून" काढा, पत्रकात व्यक्तिगत नको. ते म्हणाले, राहू दे. मग मी त्याखाली माझी ओळ घातली, वहीतली नोंद जशीच्या तशी, आणि ती चूक का होती ते. प्रती आम्ही छापून घेतल्या दुसऱ्याच्या छापखान्यात. गल्लीत वाटताना एक काकूंच्याही दारात टाकली. त्यांनी ती वाचली आणि फाटकापाशी मला म्हणाल्या, "तुझ्या बापानं चूक छापली, हे मी पहिल्यांदा बघितलं." दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या नवऱ्याला घेऊन शुगर तपासायला गेल्या.

महिना भरला तो दिवस रविवार होता. डॉक्टरीणबाईंना मी दुपारी फोन करणार होते. सकाळी मांडीवर आणि पहिल्यांदाच खुब्याच्या कडेला शेक दिला, पाच मिनिटं, तिनं मान खाली टाकली. मी तिचे पाय थोडे मागे-पुढे केले. मग टॉवेल आवरून मी भिंतीला टेकून बसले. भाडेकरू जिन्यात उभे होते, टॉवेल खांद्यावर घेऊन, लागला तर असावा म्हणून.

अण्णा आले. "चला, हवा खाऊ," म्हणाले आणि निघाले.

म्हातारीनं पुढचे पाय रोवले. मागचं अंग उचललं, ते थरथरलं, खाली आलं. तोवर अण्णा व्हरांडा ओलांडून गेले होते. दुसऱ्यांदा उचललं, उजवा पाय बाहेर सरकला, पुन्हा बसली. भाडेकरू एक पायरी उतरले. मी हात वर करून त्यांना थांबवलं. अण्णा फाटकापाशी पोहोचले आणि तिथंच उभे राहिले, पाठमोरे, कडीवर हात ठेवून.

"उठली का?" त्यांनी न वळता विचारलं.

नेमक्या त्या क्षणी ती अर्ध्यावर होती. मागचे दोन्ही पाय वाकलेले, शेपटी खाली, सगळं अंग एका बाजूला कललेलं. मग उजवा पाय रबरावर टेकला आणि तिथंच राहिला. ती उभी राहिली. थोडा वेळ तशीच, स्वतःचाच अंदाज घेत. मग एकेक पाऊल टाकत, वाकडी, निघाली. फाटकाअलीकडे पेरूच्या झाडाखाली माती आहे तिथं थांबली, नीट बसता येईना म्हणून नुसती अर्धवट वाकली आणि लघवी केली. भरपूर वेळ. तिचा मागचा एक पाय भिजला. भाडेकरू जिन्यातच बसले.

"उठली का, सांग तरी," अण्णा म्हणाले.

"उठली," मी म्हटलं. "झाडाखाली आहे. कडी काढा, बाहेर जायचंय तिला."